मागांच्या गोंगाटातली प्रार्थना

आधीच सांगून ठेवतो, यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही. माझ्या मेव्हण्याचा तर नाहीच, पण त्याचा स्वतःच्या घड्याळावरसुद्धा बसत नाही. ऐकायला तो आहे, सदऱ्याला बटण लावत बसलेली माझी थोरली लेक आहे, आणि तुम्ही.

आमच्या कापड गिरणीच्या माग खात्यात मागांचा आवाज एवढा, की आत शिरलेल्या कबुतरांना आपलंच घुमणं ऐकू यायचं नाही. बिचारी एकमेकांवर रुसून निघून जायची. मुकादमाला सकाळी आलेली शिंक त्याला संध्याकाळी घरी गेल्यावर ऐकू आली.

"दाजी, काहीही!" मेव्हणा म्हणाला.

"कान उशिरा मोकळे होतात रे. मध्ये बोलू नकोस."

कापडाच्या घड्या घालायच्या शांत घडी खात्यातून माझी तिथे बदली झाली, तेव्हा बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते. पोरी आपापल्या घरी. चर्चमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी. खात्यातल्या कुणाला तरी सांगावं, बाबा रे, मला सांभाळणारा एक प्रभू आहे, ये एकदा माझ्याबरोबर, असं रोज वाटायचं. पण जीभ रेटायची नाही.

मग एक युक्ती सुचली. इथे आभाळ कोसळलं तरी कळणार नाही, तर निदान प्रार्थना मोठ्याने करावी! मागासमोर उभा राहून मी एकेकाला देवापुढे न्यायला लागलो. मुकादमाची दारू सुटू दे. मागांना तेल घालणाऱ्या तेलवाल्याच्या ताईचे डोळे बरे होऊ देत. शेजारच्या मागावरच्या टकल्याची बायको माहेराहून परत येऊ दे. आणि सगळ्यात शेवटी, प्रभू, यांच्यातला एकतरी रविवारी माझ्या शेजारी येऊन बसू दे.

एकदा जेवणाच्या सुट्टीत आम्ही अंगणात बसलो होतो. तेलवाला हात पुसत जवळ आला.

"काका, काल आमची ताई राहिली."

"कुठे राहिली?"

"तुमच्या प्रार्थनेत. मुकादम झाला, टकल्या झाला, आणि एकदम आमेन!"

मी डबा खाली ठेवला. "तुला ऐकू कसं आलं?"

"ऐकायचं कशाला? मागावर राहून माणूस ओठ वाचायला शिकतो. आत सगळ्यांच्या गप्पा तशाच चालतात की. तुम्ही पडलात घडी खात्यातले."

"म्हणजे सगळ्यांना...?"

"पहिल्या दिवसापासून!"

अंगणापलीकडून मुकादमाने नुसते ओठ हलवले. टकल्याने ते वाचून दाखवले. "म्हणतोय, दारूचं तेवढं जरा हळू म्हणत जा."

त्या दिवसापासून मागांवरून मला निरोप यायला लागले. पोराचा ताप, आईचा गुडघा. मी सगळे वर पोचवायचो. पण अंगणात जेवायला बसलं की बदल्यांच्या गप्पा. निरोप ज्याला पोचवतो तो कोण, हे कुणी विचारायचं नाही. डबे झाकले की ते आपल्या वाटेने, मी माझ्या.

शेवटी हिय्या केला. माग धडधडत असताना सगळ्यांकडे तोंड करून म्हणालो, "त्याला तुम्हीच येऊन भेटा ना. रविवारी या. मी जागा धरतो."

सगळ्यांनी वाचलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि आले की हो! तेलवाला आला, ताई आली, टकल्या बायकोला घेऊन आला, मुकादम तर भांग पाडून. एवढी गर्दी, की पाळकांना खिडकीतून आत घ्यावं लागलं. त्यात आमची मंडळी ओठ वाचण्यात पटाईत. पाळकांनी तोंड उघडायचा अवकाश, ही आमेन म्हणून मोकळी! माझ्या बाकावर तर अशी दाटी झाली, की मला स्वतःला टेकायला...

"बाबा." लेकीने दाताने दोरा तोडला. "त्या रविवारी मी माहेरी आले होते. बाळ रडत होतं म्हणून त्याला घेऊन चर्चच्या दाराशी उभी होते. तुम्ही शेजारी रुमाल पसरला होता आणि सारखे वळून दाराकडे बघत होता. शेवटचं गीत संपलं, सगळे उठले, तरी रुमाल तसाच. कुणीसुद्धा आलं नव्हतं, बाबा."