खड्डे खणणाऱ्याचा जबाब

माझी नात सोनम दहावी पास झाली, ते दोन हजार तेवीस साल. वाडीतून दहावी होणारी ती पहिलीच. पेढे वाटून पाच दिवस झाले होते, तेव्हा सुनील जेसीबी घेऊन आला.

आमची कातकऱ्यांची वाडी कोळवणच्या वर, डोंगराच्या पोटाला. जमीन कागदावर वनखात्याची, पण माझ्या आजापासून कसतो आम्ही. वरच्या अंगाला पुण्याच्या एका शेठनं फार्महाऊस बांधलं. त्याला गाडीरस्ता माझ्या नाचणीतून हवा होता. सुनील त्याचा माणूस. खालच्याच गावातला, लहानपणी माझ्या हातची करवंदं खाल्लेला.

त्या वर्षी लवळ्याकडच्या कॉलेजातली स्वरदा वाडीवर येत असे. वकिलीचं शेवटचं वर्ष. गरिबांची कायद्याची कामं फुकट करायची म्हणून तिला वर्षभराची फेलोशिप मिळाली होती. तिनं माझा वनहक्काचा दावा भरला.

"बाबा, कायद्यात दफनाची जागा पुरावा धरतात," ती म्हणाली. "आणि जबाब लागतो म्हाताऱ्या माणसाचा. पण तुम्ही दावेदार, तुमचा चालायचा नाही. दुसरं कोण आहे?"

एकच होता. माझा मेव्हणा विश्राम. तो पलीकडच्या वाडीत राहायचा, पण दोन्ही वाड्यांतल्या मेलेल्यांचे खड्डे चाळीस वर्षं त्यानंच खणले. आमच्यात माणूस पुरतात आणि वर एक उभा दगड रोवतात. माझ्या शेताच्या कडेला असे अकरा दगड होते. एक माझ्या बायकोचा, गंगूचा. एक तिच्या आणि विश्रामच्या आईचा, कारण म्हातारी शेवटी लेकीकडेच राहिली. कुठला दगड कुणाचा, हे सगळं विश्रामच्या डोक्यात.

अधिकाऱ्यांची पाहणी दोनदा पुढं ढकलून आठ जूनला ठरली. विश्राम आधीच मुक्कामाला आला होता. सात तारखेला सकाळी सुनील चार पोरं घेऊन दगड उपटायला लागला. विश्राम जाऊन आईच्या दगडाला पाठ लावून बसला.

"ऊठ रं म्हाताऱ्या. दगडं न्यायचीत, तुला न्हाई."

"मलाबी ने की. तुज्या शेठच्या बागंत ठिव, शोभंन."

पोरं हसली. सुनीलला ते हसणंच लागलं. त्यानं टिकावाचा दांडा उचलला आणि विश्रामच्या डोक्यात घातला. विश्राम बसल्या जागी कलंडला. मी धावलो तर दोघांनी मला पाडलं. बुटाच्या लाथेनं बरगडी मोडली, ती मला आतून ऐकू आली. तोंडात माती गेली. स्वरदा मोबाइलवर चित्रण करत होती.

"ए वकीलीणबाई, अभ्यास कर जा की!" सुनील ओरडला, आणि तोच दांडा तिच्या मनगटावर बसला. तिचा मोबाइल त्यानं जेसीबीच्या चाकाखाली टाकला. मग अकरा दगड ओढ्यात लोटले आणि दोनदा माती दाबली. तासाभरात सगळं सपाट. जाताना तो विश्रामच्या पायावर थुंकला.

विश्राम उठून बसला. डोक्याला टॉवेल बांधला, तो लाल झाला, दुसरा बांधला.

"आजोबा, जीप बोलवलीय. आधी दवाखाना," स्वरदा म्हणाली. तिचा उजवा हात लोंबत होता.

"तू जा पोरी. माज्या डोक्यात सांडण्यासारकं हाय तरी काय?"

"चेष्टा नको. आपण तारीख पुढं मागून घेऊ."

"दोनदा गेली की पुढं. आता दगडंबी न्हाईत. उंद्या मी नसलो तर हितं काय हाय? नुसती माती. आन् ह्यो दाजी, त्याचं कुनी ऐकनार न्हाई."

स्वरदानं माझ्याकडं पाहिलं. मी एक शब्द बोललो असतो तर विश्राम जीपमध्ये बसला असता. त्यानं माझा शब्द कधी मोडला नाही. पण मी बोललो नाही. मला जमीन हवी होती.

ती एकटी पौडला गेली. पोलिसांत तक्रार दिली, हाताला प्लास्टर घातलं आणि संध्याकाळी परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तलाठी, वनरक्षक आणि गावच्या समितीची माणसं आली. विश्राम एका डोळ्यानं नीट बघत नव्हता. तरी त्या सपाट मातीवर तो चालत गेला, पायानं अंतर मोजत. "हितं गंगू. हितं तिचं पयलं पोर. हितं बहिरूबाबा." अकराही सांगितले.

"बाबा, खोटं म्हणत नाही मी," तलाठी म्हणाला. "पण दिसत काहीच नाही. पंचनाम्यात लिहू काय?"

विश्राम म्हणाला, "दाजी, कुदळ आन."

आमच्यात झाकलेला खड्डा पुन्हा उघडत नाहीत. मी गंगूच्या जागेकडं वळलो, तर त्यानं माझा हात धरला.

"तिची नगं. माज्या आईची उघड. रागावली तर माज्यावर रागवंल."

स्वरदा म्हणाली, "आजोबा, कायदा एवढं मागत नाही."

"ह्यो सायब मागतोय की."

बरगडी मोडलेली, मला वाकता येईना. विश्रामनं चार घाव घातले आणि खाली बसला. पुढचं वाडीतल्या पोरांनी खणलं. कमरेइतक्या खोलीवर कोयता लागला. बाईला पुरताना तिचा कोयता आम्ही उशाशी ठेवतो. गंजून काळा झालेला. त्याच्या शेजारी जबड्याचं हाड, त्यात तीन दात. वनरक्षकानं टोपी काढली. तलाठी मान खाली घालून लिहायला लागला.

जबाब स्वरदानं डाव्या हातानं लिहिला. अक्षर लहान पोरासारखं आलं. वाचून दाखवला, विश्रामनं अंगठा उठवला. तोच अंगठा धोतराला पुसत म्हणाला, "झालं नव्हं? आता न्या कुटं न्यायचं ते."

जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. उतारावर त्यानं दोनदा ओकारी काढली. नंतर काही बोलला नाही.

सुनीलला पोलिसांनी चौथ्या दिवशी उरवड्यातून धरलं. माझा दावा अजून वरच्या कचेरीत आहे. त्या कागदांत जबाब आहे. आई उघडीच होती. तिच्याशेजारी जागा वाढवून विश्रामला ठेवलं आणि दोघांना एकदमच झाकलं. ओढ्यातले अकराही दगड पोरांनी वर आणले. बारावा नवा.

विश्राम, माझ्या बायकोचा भाऊ, गुरुवार, आठ जून दोन हजार तेवीस रोजी दुपारी एकच्या सुमारास, पिरंगुटच्या अलीकडं जीपमध्ये मेला.