पोचायच्या गावाचं घड्याळ

आमच्या ह्यांनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं शिफ्ट केली, पण कामावर कधी एक मिनिट उशिरा गेले नाहीत. घरातही ती शिस्त आम्हाला सोसावी लागली. एवढा काटेकोर माणूस, पण लेकीच्या बाबतीत चुकला. दोन वर्षांपूर्वी हर्षाली शिकायला पोलंडला निघाली, तेव्हा ते पसंत नव्हतं म्हणून हे तिच्याशी जाईपर्यंत बोलले नाहीत. तेव्हापासून ती फोन करायची तो मला. ह्यांना कसलंही काम सांगायची नाही. ह्यांना ते लागायचं, पण बोलतील तर शपथ.

गेल्या आठवड्यात तिनं पहिल्यांदाच ह्यांना विचारलं. गुरुवारी साडेदहाला शेजारच्या देशात, व्हिल्नियसमध्ये, नोकरीचा इंटरव्ह्यू होता. परीक्षेच्या गडबडीत तिला वेळ नव्हता. ती शिकते त्या वॉर्साहून तिथलं विमानाचं तिकीट तुम्ही काढाल का, म्हणाली. ह्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. साडेसातला सुटून नऊ चाळीसला पोचणारं विमान शोधलं आणि ते तिकीट मला चार वेळा दाखवलं.

गुरुवारी आपल्या अकराला, म्हणजे तिकडच्या साडेसातला, विमान सुटलं. मी मेथी निवडत बसले होते. हे मोबाइलवर व्हिल्नियसची माहिती वाचत होते, ते एकदम पांढरे पडले. तिथलं घड्याळ वॉर्साच्या एक तास पुढे होतं. आपल्याकडे नाशिकपासून गुवाहाटीपर्यंत एकच वेळ, त्यामुळे हे ह्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. नऊ चाळीस आणि वर एक तास, म्हणजे दहा चाळीस. इंटरव्ह्यू तर साडेदहाला.

“मी तिचं वाटोळं केलं गं,” हे म्हणाले.

कळवणार तरी कसं? पोरगी आभाळात, फोन बंद. मला आधी रागच आला, पण माणूस खरंच रडायच्या बेतात होता. मी जुडी खाली ठेवली आणि विचारलं, अंतर किती आहे? म्हणाले, तीनशे नव्वद किलोमीटर. म्हणजे आपल्या कोल्हापूरपेक्षाही जवळ. मग तेवढ्याला विमानाला दोन तास दहा मिनिटं कशाला लागतात, ते काय वाटेत जेवायला थांबतं?

ह्यांनी तिकीट पुन्हा उघडलं. प्रवासाचा वेळ लिहिला होता, एक तास दहा मिनिटं. साडेसातला सुटलं तर आठ चाळीस व्हायला हवेत, आणि तिकिटावर नऊ चाळीस. तो जास्तीचा तास विमानवाल्यांनी आधीच धरला होता. पोचायची वेळ पोचायच्या गावाच्या घड्याळाची होती.

हिशेब पटला, पण जीव काही थाऱ्यावर येईना. बारा वाजून दहा मिनिटांनी विमान उतरायची वेळ झाली, सव्वाबारा झाले. हे गॅलरीत फेऱ्या मारत राहिले. बारा बावीसला फोन वाजला, तोही माझा नाही, ह्यांचा.

“पप्पा, पोचले. भरपूर वेळ आहे.”

हे खुर्चीत बसले. मग तिनं न विचारताच ह्यांनी आपला घोळ सांगून टाकला, आणि त्याच्यामागोमाग दोन वर्षांपूर्वीचंही. तेव्हा माझं चुकलं, म्हणाले. इंटरव्ह्यूच्या तोंडावर हे काय काढलं, असं मला झालं.

“पप्पा, टॅक्सी आली,” ती म्हणाली. “दिवाळीला घरी यायचंय मला. ते तिकीट तुम्हीच काढा.”