विलायतेचं मावंदं

विलायतेहून आल्यापासून शालिग्रामनं ताळ सोडला होता. माझाच मुलगा आहे, म्हणून मीच बोलते. दुसऱ्या कोणी बोललेलं मला खपत नाही. दूधवाला आला की त्याला फोटो. मीटर पाहायला माणूस आला, त्याला उन्हात उभं करून फोटो. तेवढं मी गिळलं. पण भावकीतले पुना आबा वारले आणि आम्ही त्यांच्या दारावर बसायला गेलो, तर तिथंही याच्या काखेत ती प्लास्टिकची पिशवी. बाया रडून जरा थांबल्या, तसा हा आबांच्या मुलाजवळ सरकला. "आबांना फिरायची फार हौस होती हो," म्हणाला, आणि काढला की आल्बम. त्या मुलाच्या डोक्यावरचे केस कालच उतरलेले. तोही बिचारा पाहत बसला.

"ही बाई उघडीच उभी आहे का?"

"बाई नाही, पुतळा आहे. तिकडं चौकाचौकात आहेत."

रडणाऱ्या बायांच्या पदरातून दोन-तीन डोळे बाहेर आले. मी पदराखालून हात घालून त्याच्या मांडीला चिमटा काढला. एवढा लेकुरवाळा गडी, सगळ्यांदेखत म्हणतो, "काय माय, मुंगळा आहे का?"

घरी येताना रिक्षात मी तोंडाला पदर लावूनच बसले. तेव्हाच ठरवलं, याच्या फोटोंचा एकदा काय तो निकाल लावायचा. सगळ्यांना एका दिवशी बोलवायचं, पोटभर दाखवू द्यायचे, पोटभर जेवू घालायचं, आणि मग आल्बम ट्रंकेत. आपल्यात काशी करून आलेल्याचं मावंदं घालतात ना, तसं विलायतेचं मावंदं घालायचं.

भटजी म्हणाले, "वच्छलाबाई, असं शास्त्रात नाही."

मी म्हटलं, "शास्त्रात विमान तरी कुठं होतं? काशीपेक्षा लांब आहे ना? मग झालं."

मनातलं खरं कारण वेगळंच होतं, ते सांगते. शालिग्रामचं जळगावात पाइपांचं दुकान. ज्यांनी माल जास्त खपवला त्या दुकानदारांना कंपनीनं युरोप दाखवायला न्यायचं ठरवलं, त्यात याचा नंबर लागला. पण हा एकटा गेला नाही, बायकोला घेऊन गेला. मुलगे काय, कोणाचेही जातात. सून कोणाची जाते? आमच्या भावकीत तर तोवर विमानाच्या पायरीला कोणाचा पाय लागला नव्हता. मी एरंडोलपासून धुळ्यापर्यंत एक घर सोडलं नाही. "आमच्या शालिग्रामनं कुंदाला विलायतेला नेलं," असं सांगताना मला पानविडा खाल्ल्यासारखं व्हायचं.

कुंदा मात्र आल्यापासून गप्प. "काय पाहिलं गं?" विचारलं, तर म्हणे, "सगळं छान होतं, अक्का," आणि सूप पुढं ओढून डाळ निवडायला बसे. आधी वाटलं दमली असेल. मग वाटलं, शेफारली. आता आपल्याशी बोलायला तिला लाज वाटते.

मावंद्याला घर भरलं. धुळ्याहून माझी थोरली जाऊ सुगंधाबाई आली. मी विधवा, सुनेची ओटी मला भरता येत नव्हती, म्हणून तिला मानानं बोलावलं होतं. नाहीतर तिच्या जिभेला कोण जवळ करतो? आणि नरडाण्याहून पॅसेंजरनं आल्या माझ्या विहीणबाई, कुंदाची आई मंदाबाई. गरीब, कमी बोलणारी बाई. जावयाच्या घरी येताना चार वेळा पदर सावरते. या वेळी मात्र चेहरा फुललेला. ओटीच्या खणासोबत पिशवीतून तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. पाहते तर फोटोची फ्रेम, काचेची, सोनेरी काठाची. आत काहीच नाही.

"कुंदाचा तिकडचा एक फोटो द्या विहीणबाई," ती म्हणाली. "दारातून शिरल्याबरोबर दिसेल असा खिळा ठोकून आले आहे. गल्लीत सगळ्यांना सांगितलंय."

"एक कशाला, चार देते," मी म्हटलं. माझ्याच थोरवीत होते मी.

ओसरीत दोन पाट मांडले, भोवती रांगोळी. आमच्या भावकीची रीत अशी, की यात्रा करून आलेल्या जोडप्याला पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, बाईची ओटी भरायची. मग त्यांनी काय दर्शन केलं ते सांगायचं. घरी राहिलेल्यांनी त्यांच्या पाया पडायचं, म्हणजे आपल्यालाही थोडं पुण्य लागतं. त्यानंतर पंगत. शालिग्राम सफारी घालून पाटावर बसला. कुंदाचा पाट रिकामा. ती मागच्या अंगणात खापरावर मांडे टाकत होती. दोनदा हाक मारली, तर तिथूनच म्हणाली, "आली, अक्का. मांडा फाटेल."

तोवर शालिग्रामला कुठला दम. उघडला त्यानं आल्बम.

खोटं कशाला बोलू, मजा आली. एका फोटोत तो उंच लोखंडी मनोऱ्याचं टोक चिमटीत धरून उभा. एकात कललेला बुरूज खांद्यानं सावरतोय. "पडू दिला नाही म्हण की," कोणीतरी बोललं. एकात बर्फात लोळतोय, एकात होडीत, एकात घंटा बांधलेल्या गाईच्या गळ्यात हात. "गाईनं ओळखलं बरं का, शेतकऱ्याचा मुलगा आहे म्हणून." बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी पण हसत होते.

मंदाबाई मात्र फ्रेम मांडीवर घेऊन प्रत्येक पान उलटलं की पुढं वाकायची, आणि मागं सरायची.

सुगंधाबाई हातात नारळ घेऊन ताटकळली होती. तीच बोलली. धुळ्याची बोली, सरळ अंगावर येते. "बठ्ठा फोटोमा तूच शे रे शालिग्राम. मंग कुंदा कोठे शे?"

"ती कशी येईल यात, काकू?" शालिग्राम म्हणाला. अगदी सहज. "आमची बस सकाळी सुटायची. ती हॉटेलात असायची."

"एकटी? काय करायला?" मी विचारलं.

"स्वयंपाक, माय. बंदोबस्त फक्कड केला होता मी." तो आता रंगात आला. "तिकडं आपल्याला खायला काय मिळतं? थंडगार पाव. सगळे दुकानदार म्हणाले, आचारी न्यावा. मी म्हटलं, आचारी तिथं जाऊन तोरा दाखवील, त्यापेक्षा माझी बायको आहे ना. तिचं तिकीट सगळ्यांनी मिळून काढलं. आपल्या खिशाला धक्का नाही, आणि संध्याकाळी परत आलो की गरम भाकरी, खिचडी, भाजलेले ज्वारीचे बिबडे. विचारा कोणालाही, कोणी नाव ठेवलं का जेवणाला."

बायांनी तोंडावरचे पदर खाली घेतले. त्याला वाटलं, लोक ऐकतायत.

"रोजच?" मंदाबाईनं हळूच विचारलं.

"रोजच म्हणजे, कधी दुपारीच गाव बदलायचं, तेव्हा बसमधून दिसायचंच की तिला. थांबा, तिचा पण एक आहे. मीच काढला, गंमत म्हणून."

शेवटच्या पानाच्या मागं खोचलेला फोटो त्यानं ओढून काढला. तो आधी माझ्या हातात आला, म्हणून मीच आधी पाहिला. पांढऱ्या फरशीची मोरी. एका बाजूला आंघोळीची लांबलचक कुंडी, तिच्या काठावर ओळीनं भाकऱ्या वाळत टाकल्यासारख्या. खाली फरशीवर कुंदा, दोन्ही पाय पोटाशी घेऊन, समोर विजेची शेगडी. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत, हात पिठानं भरलेले. कॅमेऱ्याचा उजेड एकदम डोळ्यांवर आल्यासारखी वर पाहते आहे. आणि शेगडीवर माझं पातेलं. कडेला पोचा आलेलं. ते मीच बांधून दिलं होतं. कळण्याच्या भाकरीचं पीठ, मसाला, उडदाचे पापड, सगळं. "माय, जरा जास्तच दे," शालिग्राम म्हणाला होता, आणि मला वाटलं होतं, पोराला घरची चव सुटत नाही.

"मोरीत का रे?"

"खोलीत धूर झाला की भोंगा वाजायचा. पहिल्या दिवशी सगळं हॉटेल खाली उतरलं होतं, माय. मोरीत धूर ओढणारा पंखा होता. मीच शोधून काढलं ते."

सुगंधाबाईनं माझ्या खांद्यावरून फोटो पाहिला. "वच्छला," ती म्हणाली, "सून विमानमा बसाडी, आनि मोरीमा उतारी."

एरवी तिला मी एकाच्या दोन ऐकवल्या असत्या. त्या दिवशी मी बायांकडं पाहिलं. ज्या ज्या घरी जाऊन मी सांगितलं होतं, त्या त्या घरची बाई समोर बसली होती, आणि एकही माझ्याकडं पाहत नव्हती. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मंदाबाईनं हात पुढं केला. फोटो न देऊन करते काय? तिनं तो पदरानं पुसला, बराच वेळ पाहिला. मला वाटलं, रडेल. भांडेल. चार शब्द टाकील तर मी खाली मान घालून घेईन, असं मनाशी ठरवलं.

"चेहरा स्पष्ट आला आहे," ती म्हणाली. "एवढाच एक आहे ना, जावईबापू? मग हाच द्या." आणि फ्रेम उलटी करून ती मागचे खिळे वाकवायला लागली.

मला तिथं बसवेना. फ्रेमच्या काचेखाली ती मोरी सरकताना दिसली आणि मी उठून मागच्या अंगणात गेले.

कुंदा खापरापाशी. जाळानं तोंड लाल झालेलं. मनगटावर मांडा फिरवून फिरवून तिनं एवढा मोठा केला होता की पलीकडचं दिसावं. हळूच खापरावर पसरला. तो होईपर्यंत मी थांबले. मध्ये बोलले असते तर खरंच फाटला असता.

"कुंदा, चल. पाटावर बस. ओटी भरायची आहे."

"त्यांचे पाय धुवा, अक्का. मी नाही बसत."

"का गं?"

"लोक पाया पडतील. पुण्य मागतील." तिनं मांडा घडी करून टोपलीत ठेवला. "मी दर्शन केलं नाही, तर काय देऊ त्यांना? खोटं कसं बसायचं पाटावर?"

बाहेर शालिग्रामचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. कोणाला तरी पहिल्या पानापासून दाखवत होता.

"काहीच नाही पाहिलं?"

तिनं जरा आठवलं. "बर्फ पाहिला. एका गावाला खिडकीच्या बाहेर साचायचा. त्यात दूध ठेवायची मी, नासू नये म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सगळ्यांना सांगून बसल्या होत्या, अक्का." पुढचा गोळा हातावर घेत ती म्हणाली. "तुमची मान खाली गेली असती."

मान आजवर मी कोणापुढं खाली घातली नव्हती. मालक गेले तेव्हा दिरांपुढं नाही, की बोअर कोरडा गेला आणि केळी वाळली तेव्हा गावापुढं नाही. त्या दिवशी चुलीपाशी सुनेपुढं गेली, आणि ती वर कशी करायची ते मला कळेना. माझ्या तोऱ्यापायी ही पोर गप्प बसली होती, आणि मी तिला शेफारलेली म्हणत होते.

तिच्या हातातला गोळा मी काढून घेतला. "मांडे मी टाकते. तू आत जा, तोंड धू, तुझ्या आईजवळ बस. पाटावर नको बसू, आईजवळ बस."

पण आधी मी ओसरीत गेले. हाताला पीठ लागलेलं, तशीच. सुगंधाबाईच्या हातात अजून नारळ होता. पाय धुवायचं ताट आणि भरलेला तांब्या पाटाजवळ. मंदाबाईची फ्रेम बंद झाली होती आणि ती मांडीवर उपडी ठेवून तिनं वर हात ठेवला होता. शालिग्रामनं मला पाहिलं, पायातले मोजे काढले आणि दोन्ही पाय ताटात ठेवून म्हणाला, "चला, टाका पाणी. भूक लागली."

मी तांब्या उचलला आणि बाजूला ठेवला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, पण न ओरडता बोलले.

"शालिग्राम, पाटावरून ऊठ. हात धू, खांद्यावर पंचा टाक आणि वाढायला घे. पहिलं ताट तुझ्या सासूचं, दुसरं कुंदाचं. यात्रा करून आलेल्याचे पाय धुतात रे. तू नुसता जेवून आला आहेस."