पेशंटची सफरचंदं

कल्याणीने वेष्टन कात्रीने कापलं आणि आतली गार, पांढरी पोळी ओट्यावर अलगद उलगडली. कडांवर अजून बर्फाचा भुरका होता. स्वयंपाकघराच्या दारात वेताच्या खुर्चीवर बसलेल्या इंदुबाईंनी काळा चष्मा किंचित वर केला.

"चष्मा काढायचा नाही, आई."

"काढला नाही. उचलला." त्यांनी चष्म्याखालून पोळीकडे बराच वेळ पाहिलं. "केवढी पांढरी आहे वं ही."

कल्याणीला ती मैद्याच्या रंगाचीच दिसत होती. पण परवा मोतीबिंदू काढल्यापासून सासूबाईंचं हे असंच चाललं होतं. काल सकाळी त्या न्हाणीघराच्या दारात थबकून निळ्या बादलीकडे बघत राहिल्या होत्या. संध्याकाळी खिडकीत बसून त्यांनी समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साड्यांचे रंग एकेक करून तिला सांगितले, जणू ते तिला माहीत नव्हते.

"इतकी वर्षं सगळं चहात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं," त्या म्हणाल्या होत्या. "मला वाटे, जगच जुनं झालं."

प्रश्न सफरचंदांचा होता. इंदुबाईंचे भाऊ, संजयमामा, काल बहिणीला बघायला आले ते पेशंटसाठी आणायची असतात तशी पिशवीभर सफरचंदं ठेवून गेले. आणि डॉक्टरांनी तर कडक काही चावू नका म्हणून बजावलेलं. टोपलीतली ती लाल फळं दोघी येता-जाता बघत होत्या. शेवटी आज दुपारी कल्याणी कोपऱ्यावरच्या दुकानातून पफची तयार पोळी घेऊन आली. ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलेली सोपी कृती होती. सफरचंद शिजवायचं, पोळीत भरायचं, भाजायचं.

"म्हणजे कणीक विकत भेटते?"

"मिळते."

"मळलेली, लाटलेली? मग आपण करायचं काय?"

"खायचं."

इंदुबाई हसल्या. कल्याणीने फोडी पातेल्यात टाकल्या, वर साखर आणि दालचिनीची पूड घातली आणि गॅस बारीक केला. खाली सदाशिव पेठेतली दुपार निजली होती. पहिल्या मजल्यावरच्या क्लासात मुलं एकसुरात काहीतरी म्हणत होती. शब्द कळत नव्हते, नुसती लय वर येत होती. पातेल्यातून वाफ उठली आणि दालचिनीचा वास हळूहळू बाहेरच्या खोलीपर्यंत गेला.

तिथे भिंतीवर लग्नाचा फोटो होता. तो मधले काही महिने कपाटात पालथा पडून होता. इंदुबाई ऑपरेशनसाठी आर्वीहून निघाल्या त्या दिवशी कल्याणीने तो पुसून पुन्हा खिळ्याला लावला. पलंगावर दुसरी उशी ठेवली, पियुषच्या जुन्या चपला दाराशी काढून ठेवल्या. पियुष जर्मनीला नोकरीसाठी गेला, ती नंतर जाणार होती, आणि मग त्यांचं बोलणं कमी होत होत एके दिवशी संपलं. भांडण असं झालंच नाही. वेगळं व्हायचं हे दोघांनी फोनवरच ठरवलं. "आईचा डोळा होऊ दे, मग मी सांगतो," असं त्याने लिहिलं होतं. कल्याणीने 'बरं' एवढंच उत्तर पाठवलं.

तिला वाटलं होतं, हे नाटक जड जाईल. पण औषध घालायच्या वेळी इंदुबाई तिच्या मांडीवर डोकं टेकवत, तोंड किंचित उघडं ठेवून वर बघत, आणि थेंब पडला की डोळा मिटून तशाच पडून राहत. मग तीही भिंतीला टेकून बसे. कधी तिचाही डोळा लागे. अशा वेळी आपण काय लपवतो आहोत हे तिला मुद्दाम आठवावं लागे.

तिने पोळीचे चौकोन कापले, मधोमध सारण ठेवलं, दुमडले आणि काट्याने कडा दाबू लागली.

"उघडतील त्या," इंदुबाई दारातून म्हणाल्या.

"कृतीत असंच आहे."

"इकडे दे. गॅसजवळ जाऊ नको म्हणाले डॉक्टर. हात नाही बांधले माझे."

कल्याणीने ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं. इंदुबाईंनी डोळे मिटून घेतले. अंगठा आणि तर्जनी कडेवरून सरकत गेली आणि मागे करंजीसारखी मुरड पडत गेली, सारख्या अंतराची, बारीक. कल्याणी जमिनीवर बसून बघत राहिली. ताट भरल्यावर तिने वरून दूध लावलं आणि ते ओव्हनमध्ये सरकवलं.

तेवढ्यात इंदुबाईंचा फोन वाजला. पियुषचा व्हिडिओ कॉल होता.

"दिसतोय का मी?" त्याने विचारलं.

"दिसतोस. वाळलास."

"कॅमेऱ्यामुळे असेल. औषध घालतेस ना वेळेवर?"

"ही घालते."

कल्याणी पदर नसताना पदराला हात पुसावा तसे कुर्त्याला हात पुसत खुर्चीमागे आली आणि वाकली. चौकटीत तिचा चेहरा आला. तो चेहरा हसत होता.

"जेवलास?"

"आत्ताच नाश्ता केला. आई त्रास देत नाही ना?"

"छे."

दोघंही बोलताना पडद्याच्या कोपऱ्यातल्या आपापल्याच चित्राकडे बघत होती. मग त्याला कुठे तरी निघायचं होतं. कॉल संपला. इंदुबाईंनी फोन मांडीवर पालथा ठेवला.

"आता नको हसू," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तोंड दुखलं असेल."

कल्याणी खुर्चीच्या पाठीला धरून तशीच उभी राहिली. ओव्हनचा दिवा पिवळा जळत होता. काचेमागे ते दुमडलेले चौकोन हळूहळू फुगत होते, झोपेतल्या माणसाची छाती वर यावी तसे.

"गणपतीत सांगितलं त्यानं. मीच खोदून खोदून विचारलं. फोनवर तो कधी तुझं नावच काढत नव्हता." इंदुबाई तिच्याकडे वळल्या नाहीत. "मला माहीत आहे हे तुला सांगू नको, असं मीच म्हटलं त्याला."

"का?"

खाली क्लास सुटला. जिन्यात चपलांचे आवाज झाले आणि विरून गेले.

"तुला ठाऊक असतं, तर तू नाही म्हटलं असतं. तुझं काही चुकलं नसतं, कोणीही म्हणेल." त्यांनी चष्मा नीट बसवला. "पण मला यायचं होतं. जशी येत होते तशी. औषध तर काय, कोणीही घातलं असतं."

कल्याणी ओट्यापाशी गेली. तिने नळ सोडला, काटा धुतला, पुन्हा धुतला. तो फोटो पुसून लावला तेव्हापासून आपण या बाईला फसवतो आहोत असं ती धरून चालली होती. आणि त्या फोटोखाली बसून चहा पिताना इंदुबाई काय धरून चालल्या होत्या? तिने नळ बंद केला. पाठ तशीच ठेवून तिने विचारलं,

"रडलात का तुम्ही तेव्हा?"

"गणपतीसमोर कोणी रडतं का? विसर्जनानंतर."

कल्याणीला हसू आलं. तिने मनगटाने नाक पुसलं. ओव्हनची घंटा वाजली. जुना टॉवेल दुहेरी करून तिने ताट बाहेर काढलं. पोळ्यांना पापुद्रे सुटले होते, रंग खाकी-सोनेरी झाला होता. एक फुटली होती आणि तिच्या फटीतून सारण वाहून ताटाला चिकटलं होतं. बाकी सगळ्यांची मुरड शाबूत होती. घरभर लोणी आणि सफरचंदाचा वास पसरला. इंदुबाईंनी चष्म्यासकट मान वर केली आणि डोळे मिटून तो वास घेतला.

कल्याणीने फुटलेली बाजूला ठेवली, दुसरी बशीत घेऊन त्यांच्यासमोर खाली बसली.

"उद्या दाखवायला गेलो की दुसऱ्या डोळ्याची तारीख देतील," इंदुबाई म्हणाल्या. त्यांची बोटं पदराच्या काठावरून फिरत होती. "संजय म्हणतो, आता आमच्याकडेच ये. हडपसरला."

कल्याणीने बशीतली पोळी मधोमध मोडली. पापुद्रे तिच्या मांडीवर सांडले. आतून वाफ आली, ती दोघींच्या मध्ये क्षणभर राहिली. तिने अर्धा तुकडा इंदुबाईंच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं त्यावर मिटवली.

"हडपसर लांब पडतं," ती म्हणाली. "गरम आहे. फुंकून खा."