चोळलेला पाय

रंभाजीभाऊजींनी दारू सोडली ती पोटात पाणी झाल्यावर. आयुष्यभर बायकोला रडवलं आणि मग शहाणपण सुचलं! मी त्यांची थोरली भावजय. मला काही दया आली नाही. पण माझी जाऊ चांगुणा हरखून गेली. "आक्का, आता मला मान्सागत हाक मारत्यात," म्हणायची.

सावेडीच्या डॉक्टरांनी तिला समजावलं होतं, की दारूनं लिव्हर गेलंय, रक्त गोठायला जे लागतं ते लिव्हरच तयार करतं, तेव्हा जखम होऊ देऊ नका. झालं! चांगुणानं घरातली ब्लेडं फेकली, विळी माझ्याकडे आणून ठेवली. दात घासायला मऊ ब्रश, खायला कुस्करलेली भाकरी. तान्ह्या पोराचंही कुणी एवढं करत नसेल.

दिवाळीनंतर त्यांचा डावा पाय सुजला. पाय आधीही सुजायचे, पण दोन्ही. हा एकच, कढत, पोटरीत ठणका.

"रक्त साकळलं असंल," मी म्हणाले.

"आवं आक्का, त्यांचं रक्त साकळतच न्हाई. तोच तर रोग हाय."

मलाही पटलं.

मग रोज दुपारी ती करडईचं तेल कोमट करून पोटरी चोळत बसायची. "चांगुणे, लई बरं वाटतंय," भाऊजी म्हणायचे आणि ती या वयात लाजायची. परवा ती अशीच चोळत असताना ते छाती धरून उठून बसले. श्वास पुरेना. शेवगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तिथल्या डॉक्टरांनी पाय पाहिला. "पायातली रक्ताची गाठ सुटून फुफ्फुसात गेली असणार."

"पन सायेब, त्यांचं रक्त गोठत नव्हतं!" चांगुणा म्हणाली.

"ताई, या आजारात गोठवणारंही कमी होतं आणि गोठू न देणारंही. वाहायला लागलं तर थांबत नाही, आणि आतल्या आत गोठूही शकतं." मग त्यांनी विचारलं, "पाय कुणी चोळला होता का?"

तिनं तोंड उघडायच्या आत मी बोलले, "न्हाई. कुनीबी हात लावला न्हाई."

डॉक्टर मान हलवून निघून गेले. चांगुणा माझ्याकडे वळली.

"आक्का," ती म्हणाली, "तुमी खोटं का बोल्लात?"

मी पदरानं तिचे तेलकट हात पुसायला लागले. तिथंच तिला सगळं कळलं.