छताखालचा बोगदा

आर्किटेक्टबाईंनी आखलेल्या रांगेतल्या घरांना एसी लागणार नव्हता. गार हवा सावलीच्या बाजूने, जमिनीलगतच्या झरोक्यांतून आत यायची. माणसं, चूल आणि दिवे तिला तापवायचे. तापली की ती हलकी होऊन वर चढायची आणि छताखालच्या जाळीतून एका लांब बोगद्यात शिरायची. बोगदा सगळ्या घरांना मिळून एकच. त्याच्या टोकाला उंच धुराडं होतं, ते हवा ओढून घ्यायचं. कुठे मोटार नाही, कुठे बिल नाही.

आज वसाहतीच्या समितीने नाही म्हटलं, तर बिल्डर जुन्या पद्धतीची, बंद डब्यांसारखी घरं बांधणार होता आणि बाईंचे नकाशे कपाटात जाणार होते. म्हणून भर उन्हात, नमुन्याच्या दोन घरांत चाचणी होती. दुसऱ्या घरात समितीचे अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी बसले. पहिल्या घरात माणसांचा वावर हवा, म्हणून बाईंनी आपल्या आत्याला आणून बसवलं.

"घरी वागतेस तशीच वाग," त्या म्हणाल्या. "गप्प बसू नकोस."

हे आत्याला सांगायची गरज नव्हती.

बाई अध्यक्षांच्या घरात तापमापक घेऊन उभ्या राहिल्या. पारा हळूहळू उतरत होता. अध्यक्षांनी कॉलरचं बटण लावलं. आणि तेवढ्यात वरून, जणू त्याच खोलीतून, आवाज आला.

"चहा झाला का म्हणतेस? अगं, इथले ते अध्यक्ष मला विचारत होते, धुराड्यातून पक्षी पडतील का. मी म्हटलं, पडले तर तुमच्यापेक्षा शहाणे असतील."

पहिल्या घरात आत्या शेजारणीशी फोनवर बोलत होती.

बाईंनी हवेचा सगळा हिशेब केला होता, पण ज्या वाटेने हवा जाते त्याच वाटेने आवाजही जातो, हे त्यांच्या ध्यानातून पार निसटलं होतं.

"हे असंच राहणार?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "प्रत्येक घराच्या जाळीमागे बोगद्याला दोन कोपरे देऊ, आत काथ्याचं अस्तर लावू. हवा कोपऱ्यातून वळून जाते. आवाज अस्तरात बराचसा जिरतो. ओढ कमी होईल, म्हणून धुराडं थोडं उंच करावं लागेल."

"गार राहील?"

"राहील. ते करून पुन्हा चाचणी घेऊ. तुम्हीच बसा."

अध्यक्षांनी तापमापकाकडे पाहिलं, मग छताकडे. वर आत्या आता त्यांच्या मिशीवर आली होती.

"मंजूर," ते म्हणाले. "पण आधी कोपरे."

त्यांच्या पत्नी खुर्ची ओढून जाळीखाली सरकल्या.

"घाई नाही हो," त्या बाईंना म्हणाल्या. "आजचं ऐकून होऊ दे."