खरवईची आत्मघंटा

रविवारी सकाळी खरवईतल्या त्या नव्या इमारतीच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नसायची. चपलांचा ढीग लिफ्टच्या दारापर्यंत यायचा. आत व्यासपीठावर काचेची एक पेटी, पेटीत पितळी घंटा आणि शेजारी भगव्या रेशमात गुंडाळलेले श्री तरंगानंद महाराज. पेटीला ना वायर, ना प्लग. तरी महाराजांनी डोळे मिटून "ये, आत्म्या, ये!" अशी साद घातली की घंटा आपोआप खणखणायची आणि अख्ख्या हॉलच्या अंगावर काटा यायचा.

"भक्तहो," महाराज सांगत, "पूर्वी माणूस मेल्याची तार यायची. आता मेलेल्या माणसाचीच तार येते, तीही बिनतारी! तुमच्या मोबाइलला टॉवर लागतो, रिचार्ज लागतो. आत्म्याला काय लागतं? श्रद्धा! श्रद्धा संपली की तुम्ही संपर्क क्षेत्राच्या बाहेर!"

घंटा एकदा वाजली तर 'हो', दोनदा वाजली तर 'नाही'. आत्म्यांना मराठी, हिंदी, सिंधी सगळं समजायचं, पण हो-नाहीच्या पुढे एकाचीही मजल जात नसे. मेल्यावर माणसाची अक्कल इतकी कशी आटते, हे कुणालाच खटकत नव्हतं.

पद्मजाला खटकलं. उल्हासनगरच्या एका कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवायची. पण ती इथे आली होती ती वडिलांपायी. दिनानाथ अंबरनाथच्या एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. पुराव्याशिवाय कुणाचा शब्द न मानणारा माणूस. बायको गेली, घर खायला उठलं आणि कुणीतरी त्यांना या घंटेपाशी आणून बसवलं. त्यातच छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी बायपास लवकर करून घ्या म्हणून बजावलं. दिनानाथांनी घंटेला विचारलं, "मंदा, ऑपरेशन करू का गं?"

घंटा दोनदा वाजली. घरी येऊन त्यांनी हॉस्पिटलसाठी भरलेली बॅग रिकामी केली.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना तुम्ही?"

"तुझी आई नको म्हणतेय, पद्मू. ती होती तोवर तिचं एक ऐकलं नाही मी. आता तरी ऐकू दे."

पद्मजाला बाबांचा राग आला नाही. राग आला तो त्या रेशमी लबाडाचा. दुसऱ्याच्या रक्तावर पोसणाऱ्या उवेलाही थोडी लाज असेल, याला तेवढीही नव्हती.

त्या रविवारी ती पहिल्या रांगेत बसली आणि महाराजांकडे न बघता पेटीकडेच बघत राहिली. घंटेखाली लाकडी बैठकीवर बोटाएवढी काचेची नळी होती. आत करडी पूड. महाराज तिला 'चितेचं भस्म' म्हणत. पण राख कधी अशी चमकते? शिवाय घंटा एकदा वाजायला लागली की थांबायचीच नाही. महाराज पेटीची झडप उघडून चांदीच्या काडीनं नळीवर टिचकी मारत, "आत्म्याला निरोप" म्हणत, तेव्हा कुठे ती गप्प व्हायची. मागे त्यांचा शिष्य धर्मेश बसलेला. घामाच्या धारा लागल्या होत्या, तरी अंगावरची शाल सुटत नव्हती आणि शालीतले हात काही बाहेर येत नव्हते.

पद्मजा मनाशी हसली. ही नळी ती दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायची.

पुढच्या रविवारी निघताना तिनं ओट्यावरचा गॅसचा लायटर पर्समध्ये टाकला.

महाराज रंगात आले होते. "शांतता! आत्मे मौनात उतरत आहेत..."

पद्मजानं पर्समध्ये हात घालून खटका दाबला. घंटा खणखणली. कुणी काही विचारलंच नव्हतं. महाराजांनी दचकून धर्मेशकडे पाहिलं. धर्मेशनं घाबरून मान हलवली.

"उतावळा आत्मा आहे एखादा," टिचकी मारत महाराज हसले. लगेच पुन्हा घंटा. पुन्हा टिचकी. पुन्हा घंटा.

"आगो बाय, आज काय सगलेच येलं काय?" बदलापूर गावातून आलेल्या गोदूमावशी म्हणाल्या आणि मागची पोरं फिसकन हसली.

पद्मजा उभी राहिली. "महाराज, माझा एक प्रश्न आहे. ही सगळी फसवणूक आहे का?"

घंटा वाजू लागली. महाराजांचा हात काडीकडे गेला आणि तिथेच अडकला. थांबवावी तर एकच घंटा, म्हणजे 'हो'; दुसरी वाजवायला धर्मेश भानावर नव्हता. न थांबवावी तर ती आपणहून थांबणारी नव्हती. घंटा वाजत राहिली आणि हॉल आधी कुजबुजला, मग खो खो हसू लागला.

पद्मजानं लायटर वर धरला. "वाजवली मी. यानं. ठिणगी पडली की विजेच्या लहरी सुटतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण पर्समधूनही जातात. त्या नळीत भस्म नाही, लोखंडाचा कीस आहे. एरवी त्यातून वीज धड जात नाही. लहर आली की कण एकमेकांना चिकटतात, तळातल्या सेलची वीज वाहते आणि घंटा वाजते. टिचकी मारली की कण सुटे होतात. तारायंत्राची तार काढून टाकायला निघालेल्या शास्त्रज्ञांनी सव्वाशे वर्षांपूर्वी असल्या नळ्या वापरल्या. जगदीशचंद्र बोसांनी तर कलकत्त्यात भिंतींपलीकडची घंटा लहरींनी वाजवून दाखवली, आणि कशी वाजली तेही सांगितलं. पुढे याच विद्येनं बुडत्या जहाजांना मदतीची हाक मारता आली. आणि हे गृहस्थ तिनं माणसं बुडवतायत!"

कुणीतरी धर्मेशची शाल ओढली. आत उल्हासनगरच्या बाजारात मिळतो तसलाच लायटर. महाराज "विज्ञान आणि अध्यात्म एकच," असं काहीबाही पुटपुटत मागच्या दाराकडे सरकले. तिथे सोसायटीचे लोक पोलीस येईपर्यंत त्यांना बसवून ठेवायला तयारच होते. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार त्याच दुपारी झाली.

दिनानाथ मात्र खुर्चीतून हलले नव्हते. "म्हणजे ती नव्हतीच?"

"नव्हती, बाबा."

"मी सगळं बोललो गं तिच्याशी. कधी बोललो नव्हतो ते."

पद्मजा त्यांच्याजवळ खाली बसली. "तुम्ही बोललात ते खरंच होतं. उत्तर तेवढं खोटं होतं."

त्यांनी तिचा हात धरला. मग म्हणाले, "डॉक्टरांना फोन लाव."

ऑपरेशन नीट पार पडलं. हिंडू-फिरू लागल्यावर दिनानाथांनी स्वतः तसली नळी बनवली आणि त्याच हॉलमध्ये लोकांना बोलावलं. गोदूमावशींच्या हातात लायटर दिला. मावशींनी खटका दाबला, घंटा वाजली आणि त्या लहान मुलीसारख्या टाळ्या पिटू लागल्या.

"मी शिकलेला, तरी फसलो," दिनानाथ म्हणाले. "दुःखात माणसाला उत्तर हवं असतं, कुणाचंही चालतं. तुम्ही असं करू नका. माणूस गेला तर रडा, त्याची आठवण काढा. आजारी पडलात तर डॉक्टरकडे जा. आणि घंटा आपोआप वाजली असं कुणी सांगितलं, तर हात जोडायच्या आधी विचारा, वाजवतंय कोण?"